सात गावांची आगपट्टी
मी सरपंच झाले ती आरक्षणामुळं, आणि हे मी कधी लपवलं नाही. बाईची जागा निघाली, आमच्या मालकांना तर कारभाराची लई हौस, म्हणून त्यांनी मला उभं केलं. निवडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचायतीच्या लेटरपॅडचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. "खाली सह्या करून ठेव. घडीघडी तुला कुठं शोधत बसू?" भाकरी थापता थापता उठले, हात पदराला पुसले अन् कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. आमच्या भागातल्या बहुतेक सरपंचबाया तेच करायच्या. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पडेगाव ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की आत आमचं गाव. शहरातला बंब आमच्याकडं पोचेपर्यंत विझवायला काही उरायचं नाही. एका उन्हाळ्यात आसपास कडब्याच्या गंज्या जळाल्या, तेव्हा सात गावांनी बसून ठरवलं. घरपट्टीबरोबर घरामागं थोडी जास्तीची पट्टी घ्यायची, सातही गावांची एका खात्यात टाकायची आणि त्यातून एक जुना बंब, एक ड्रायव्हर फाट्यावर कायम उभा ठेवायचा. लोकांनी तिचं नाव पाडलं आगपट्टी.

ती वसूल करायला मात्र मालक गेले नाहीत. शिव्या खायचं काम आलं की बाई सरपंच! दारोदार मीच फिरले. शेजारची काकू विधवा, घरात एकटी, एका म्हशीच्या दुधावर तिचं चालायचं. तिनं विचारलं, "सूनबाई, आग लागलीच नाय तर पट्टी परत देतीस का?"

"परत नाय मिळायची. पण लागली तर बंब तुमच्या दारात उभा करीन," मी म्हणाले. तिनं पट्टी दिली.

चैत्रात, भर दुपारी, तिच्याच गोठ्यानं पेट घेतला. फाट्यावर पोरगं सायकलनं पळालं. खोटं कशाला बोलू, बंब लवकर आला. माणसं बाजूला झाली, ड्रायव्हरनं पाईप ओढला, कॉक फिरवला, अन् आतून आलं नुसतं वारं. टाकी कोरडीठाक. मग हातपंपावरनं हंडे, कळश्या, बादल्या. घर वाचलं. म्हैस दाव्यालाच होती. काकू तिला सोडवायला आत धावत होती, आम्ही दोघीतिघींनी तिला धरून ठेवलं. म्हैस ओरडायची थांबली तरी ती आमच्या हातांना हिसके देत होती.

ड्रायव्हरला मी गाडीमागं गाठलं. सकाळी बंबाचं पाणी शेजारच्या मोठ्या गावात लग्नाच्या पंगतीला दिलं होतं, तिथल्या सरपंचाच्या घरचंच लग्न. गाडी भरून आणायच्या आतच आमचा निरोप आला. पाणी दुसऱ्या कामाला द्यायचं तर सातही सरपंचांची पत्रं लागतात, असं आमचं ठरलेलं. "पत्रं हायेत ना, बाई," म्हणत त्यानं गाडीतून कागद काढले. त्यात एक आमच्या पंचायतीचं. मजकुराचं अक्षर मालकांचं, खाली सही माझी.

घरी येऊन तो कागद मी त्यांच्यापुढं धरला. म्हणाले, "लग्नाच्या पाण्याला नाय कसं म्हणायचं? अन् आग काय सांगून येती व्हय?"

"सांगून येत नाय म्हणूनच तर बंब ठेवला होता."

"आवाज खाली. ड्रायव्हरवर टाकू, तू गप बस."

गप बसले नाही. सह्यांचे उरलेले सगळे कागद त्यांच्या डोळ्यांदेखत चुलीत घातले अन् पंचायतीचा शिक्का कमरेला खोचला. दोन दिवस मागत होते. दिला नाही.

ग्रामसभेत एकच गलका, आगपट्टी बंद करा. आमचं गाव निघालं की बाकीची निघणार अन् फाट्यावरचा बंब जाणार, हे मला दिसत होतं. ग्रामसेवक वहीत ड्रायव्हरची चूक लिहायला लागला. मी उठले. "ड्रायव्हरची चूक नाय. पाणी माझ्या सहीनं गेलं. कोऱ्या कागदावर सही करून दिली ती मी."

मालक उठून चालते झाले. जाऊ दिलं. मागून कोणीतरी हसला, "बायकांचा कारभार."

"कारभार तुमचाच होता," मी म्हणाले, "सही तेवढी बाईची होती."

मग काकू बोलली. "लिही मग ते वहीत."

"असलं प्रोसिडिंगात लिहीत नसतात, बाई," ग्रामसेवक म्हणाला. मी वही ओढून घेतली अन् स्वतःच्या हातानं लिहिलं. "म्हशीचं बी लिही," काकू म्हणाली. तेही लिहिलं. त्याखाली ठराव लिहिला, की बंबाचं पाणी आगीशिवाय कशालाही द्यायचं नाही, सरपंचाच्या घरचं लग्न असलं तरी नाही. तिनं सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. म्हशीचंही वाचलं.

काकू उठून टेबलापाशी आली. आता ही माझ्या तोंडावर थुंकणार, असं मला वाटलं, अन् थुंकली असती तर मी पुसलंही नसतं. तिनं पुढच्या सालची पट्टी टेबलावर ठेवली.

"बंब जाऊ द्यायचा नाय," ती म्हणाली. "माझी जळाली, आता दुसरीची नाय जळली पायजे. पण तुला मी माफ केलं नाय, सूनबाई. ते ध्यानात ठेव."

"ठेवते," मी म्हणाले, आणि तिच्या नावची पावती फाडली.