मास्तरांनी दिलेली डबी

शिंपीमास्तरांच्या अंगावर कधी दोऱ्याचा तुकडा दिसायचा नाही. दिवसभर कापडात बसणारा माणूस, पण सदरा असा की नुकताच इस्त्रीखालून निघालाय. गिऱ्हाइकाचं माप घेताना हात इतका हलका, की कंबर मोजून झाली तरी समोरचा श्वास आत ओढून उभाच असायचा.

अशा माणसाला आतड्याचा आजार झाला. आजार तरी कसा? पुन्हा पुन्हा संडास गाठायचा, रक्त पडायचं, पोटात पीळ पडायचा, आणि कधी कधी दारापर्यंतही धीर निघायचा नाही. ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो, पाय मोडला तर लोक भेटायला येतात. हे कोणत्या तोंडानं सांगायचं? दुकानातून उठताना ते म्हणत, “दोरा घेऊन येतो.” संडास मागच्या अंगणापलीकडे होता. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलंच, तेव्हा काज-बटणं करणाऱ्या बाई म्हणाल्या, “आमचे मास्तर दोऱ्याला फार जपतात हो. जागेवर आहे ना, सारखे बघून येतात.” बाईंना सगळं ठाऊक होतं. मास्तरांना मात्र वाटायचं, झाकली मूठ अजून झाकलेलीच आहे.

शेवटी बायकोनंच त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. “तुमच्या शरीराचे पहारेकरी बिथरलेत,” त्या म्हणाल्या. “घरच्याच माणसाला चोर समजून बडवताहेत. मोठं आतडं सुजलंय, आत व्रण पडलेत. यात तुमचा काही दोष नाही.” गोळ्या सुरू झाल्या, पण त्यांचा गुण अर्धवटच येई. मग डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाच्या संशोधनाबद्दल सांगितलं. पंधरवड्याला एक सुई. काहींच्या सुईत खरं औषध, काहींच्या सुईत नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं, हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळायचं नाही. जुन्या गोळ्याही चालू राहणार, गुण आला तरच कमी करायच्या. मास्तर हो म्हणाले.

पहिली तपासणी दुर्बीण घालून झाली. तेव्हा त्यांना गुंगी दिली होती, त्यामुळे लाजायला सवडच मिळाली नाही. खरी पंचाईत पुढे झाली. या संशोधनाचं काम बघणारी परिचारिका ओळखीची निघाली. तिच्या शाळेचे सगळे गणवेश मास्तरांनी शिवले होते. दर वर्षी दुमड उसवून झगा लांब करून द्यायचे.

“मास्तरकाका, तुम्ही!” ती आनंदानं म्हणाली आणि त्यांच्या हातात एक छोटी डबी ठेवली. “पुढच्या खेपेला यात सकाळचा शौचाचा नमुना आणायचा. त्यातलं एक प्रथिन मोजलं, की आतली सूज किती ते कळतं. दर वेळी दुर्बीण नको. आणि लाजायचं नाही हं, आमचं रोजचंच आहे.”

ती लाजायचं नाही म्हणाली, आणि मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ठरल्या दिवशी सकाळी त्यांनी डबी भरली, उजेडात धरली आणि तशीच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. सगळं लालभडक होतं. ही डबी ती पोरगी उघडणार, ज्या पोरीला आपण ‘ताठ उभी राहा, नाहीतर झगा वाकडा होईल’ म्हणून दटावलं! मग ते जिना चढून मेव्हण्याकडे गेले. बायकोचा हा धाकटा भाऊ वरच्याच मजल्यावर राहायचा. ट्रकची टायरं बदलायचा, दोघांचं जेवण एकटा जेवायचा आणि दगड पचवून वर ढेकर द्यायचा.

मास्तरांनी कशीबशी गोष्ट सांगितली. औषधाच्या दुकानातून आणलेली दुसरी डबी पुढे केली. मेव्हण्यानं ती हातात घेऊन उलटसुलट केली.

“दाजी,” तो म्हणाला, “लोकांनी आजवर माझ्याकडे जॅक मागितला, पाना मागितला, एकानं तर मूत्रपिंड देशील का म्हणून विचारलं. पण हे...”

“हळू बोल. तुझी ताई ऐकेल.”

“बरं, बरं. मेव्हण्यासाठी माणूस जीव देतो. मी तर फारच स्वस्तात सुटलो.”

मास्तरांना त्यात मोठंसं पाप वाटलं नाही. सुई तर आपल्यालाच टोचताहेत, औषध जायचं तिथं जातंय. डबी म्हणजे दवाखान्याचा नुसता सोपस्कार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. अस्तर कोणाचं का असेना, कोट तर आपलाच!

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठूनच आल्या. “मास्तर, सूज जवळपास गेलीय! दिवसातून किती वेळा जावं लागतं आता?”

परिचारिका लिहायला बसली होती. “एकदा,” मास्तर म्हणाले. मग जरा खरं वाटावं म्हणून पुस्ती जोडली, “कधी दोनदा.”

“छान! मग जुन्या गोळ्या कमी करत आणू.” आणि त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या एका तरुण बाईला आत बोलावलं. ती बस चालवायची. तिलाही हाच आजार होता, संशोधनात यावं की नाही याचा निर्णय होत नव्हता. “यांनाच विचारा,” डॉक्टर म्हणाल्या.

“खरंच गुण येतो?” तिनं विचारलं. “गाडी मधेच थांबवावी लागते हो मला. प्रवासी शिव्या देतात.”

मास्तरांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, “येतो. गुण आहे.”

गोळ्या कमी झाल्या आणि मास्तर ढासळले. काज-बटणंवाल्या बाईंचे विनोद थांबले. एका दुपारी बँकेतल्या साहेबांच्या खांद्याचं माप घेताना त्यांच्या पोटात कळ आली. ‘दोरा’ म्हणायलाही वेळ मिळाला नाही. साहेब भला माणूस, तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. त्या सौजन्यानं मास्तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरी बायकोनं पँट न बोलता धुतली. ती चार शब्द बोलली असती तरी त्यांना सोसवलं असतं.

दुसरी डबीही मेव्हण्याचीच गेली. ती देताना मात्र तो हसला नाही. “दाजी, तुम्ही निम्मे झालात. आणि उद्या त्यांनी पुन्हा दुर्बीण काढली, तर? तेव्हा काय टेबलावर मला झोपवणार?”

झालंही तसंच. डॉक्टरीणबाई एकदा मास्तरांच्या गालफडांकडे बघत होत्या, एकदा अहवालाकडे. “नमुना म्हणतो तुम्ही ठणठणीत आहात. तुम्ही तर वाळून चाललात. हे औषधाचंच काही विपरीत असेल तर सगळीकडे कळवावं लागेल. आत बघायलाच हवं.” मग परिचारिकेकडे वळून म्हणाल्या, “त्या बसवाल्या ताई पलीकडे सही करायला बसल्यात. यांचं होईपर्यंत त्यांना...”

“डॉक्टर,” मास्तर म्हणाले, “ते माझं नव्हतं.”

“काय तुमचं नव्हतं?”

“डबीतलं.”

परिचारिकेचं पेन थांबलं.

“मग कोणाचं होतं?”

“मेव्हण्याचं. दोन्ही वेळा.”

त्या खोलीत कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“का पण, काका?” परिचारिकेनं विचारलं.

“तू उघडणार होतीस म्हणून,” ते म्हणाले. आणि हे बोलताच त्यांना कळलं, की आपण त्या पोरीच्याच माथी दोष मारतोय. “तुझं काही नाही त्यात. माझंच. मला लाज वाटली.”

“लाज सगळ्यांनाच वाटते, मास्तर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात ओलावाही नव्हता. “मी त्या डबीवर भरवसा ठेवून तुमच्या गोळ्या काढल्या. आतड्याला भोक पडलं असतं म्हणजे? आणि तुमच्यासारख्या कितीतरी लोकांची गणितं एकत्र मांडून औषध चांगलं की वाईट ठरतं. त्यात तुम्ही एका धडधाकट माणसाचं पोट मिसळलंत. आता मला वर कळवावं लागेल. संशोधनात तुम्हाला ठेवता येणार नाही. उपचार मी करीन, ते थांबणार नाहीत.”

मास्तरांनी मान हलवली. मग म्हणाले, “त्या ताईंना मी सांगू?”

“तुम्हीच सांगा.”

पलीकडच्या खोलीत ती बाई कागद पुढे घेऊन बसली होती. मास्तर उभ्यानंच बोलले. मला गुण आलेला नाही, मला औषध मिळालं की पाणी तेही माहीत नाही, मी तुम्हाला खोटं सांगितलं. का, तेही सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. “मी घरी भांडून आले,” ती म्हणाली. “सासूबाईंना म्हटलं, तो एवढा सभ्य माणूस कशाला खोटं बोलेल?” तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत टाकली. “हे मी घरी नेऊन नीट वाचते. कोणाच्या सांगण्यावर नको.” दारात थांबून तिनं मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती बाहेर पडली.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. “अहो, आणि माझ्या भावाला कशाला त्यात ओढलंत!” मग पाठ फिरवून म्हणाली, “मला सांगितलं असतंत तर मी नेऊन दिली असती डबी.” हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

गोळ्या पुन्हा वाढल्या. डॉक्टरीणबाईंनी दुसरं, नेहमीच्या वापरातलं औषध सुरू केलं. सूज हळूहळू उतरू लागेल असं त्यांचं मत होतं, पण नुसत्या मतावर भागणार नव्हतं. पुढच्या महिन्यात मास्तर साध्या रोग्यांच्या रांगेत उभे राहिले. खिडकीशी नेमकी तीच पोरगी होती. मागे माणसं खोळंबली होती. मास्तरांनी खिशातून डबी काढून खिडकीत ठेवली. लाल रंग बाहेरूनही दिसत होता.

तिनं डबी उचलली, त्यावर त्यांचं नाव-वय लिहिलं. विचारणं तिला भागच होतं.

“हे तुमचंच ना, काका?”

मागची माणसं ऐकत होती. मास्तरांची मान खाली गेली, कान तापले, पण आवाज मोठाच निघाला.

“माझंच आहे.”