चिकट पानांचा वैरी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना सगळी इमारत पाठीमागे ‘चिकट्या’ म्हणते. नाव ठेवलं त्यांच्याच सासूबाईंनी. तरुणपणी हे गृहस्थ त्यांच्याकडे भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गेले, ते घड्याळ चालू झालं तरी उठेचनात. मुलगी देऊन उठवावं लागलं, असं सासूबाई अजून सांगतात. आता त्या राहतात याच जावयाकडे.

छंदही त्यांना शोभेसाच. दवबिंदूची रोपं! पानावरच्या लाल केसांना डिंकासारखे थेंब. चिलट बसलं की अडकलं, मग पान त्याला हळूच कवेत घेऊन पचवतं. खत नको, नळाचं पाणी नको. साठवलेलं पावसाचं पाणी आणि ऊन, एवढ्यावर स्वारी खूश.

चांगलं ऊन मिळावं म्हणून कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आणल्या आणि रोपं मरू लागली. थेंब गायब, मग पानं काळी. शेवटी एकच कुंडी उरली, तिला नेमका फुलाचा दांडा आलेला. ती गेली तर बीसुद्धा गेलं.

पहिला संशय बायकोवर. “तुला तिथं बरण्या ठेवायच्या होत्या ना?”

“अहो, जागाच हवी असती तर आधी तुम्हाला हलवलं असतं!”

मग घरातच राहणाऱ्या मेहुण्यावर, कारण तो हसला. मग चक्क माझ्यावर! मी बातम्या काढायला रोज जातो म्हणे. शेजाऱ्याकडे चहाला जाणं हाही आता गुन्हा.

एके दिवशी डोळ्याला भिंग लावून त्यांनी पान न पान तपासलं. एका केसाला पिवळा धागा! चिमट्यात तो धरून घरभर फिरले. मेहुण्याचा सदरा, बायकोची शाल. माझा तर मफलर उलटा करून पाहिला. तेवढ्यात सासूबाई खिडकीशी गेल्या. हातात साबणाच्या पाण्यातून पिळलेलं पिवळं फडकं.

“आई, थांबा! काय करताय?”

“पुसतेय. तळणाच्या धुरानं पानं नुसती चिकट होतात हो. कितीदा पुसलं तरी परत चिकट!”

घड्याळजींनी कुंडी ओढून घेतली. “आई, त्या चिकटपणावरच पोट आहे त्यांचं.”

सासूबाईंनी फडक्याकडे पाहिलं. “म्हणजे बाकीची मीच मारली?”

घड्याळजींनी पावसाच्या पाण्यानं पानं धुतली. भांडं सासूबाईंनी धरलं होतं.

तेव्हापासून खिडकीशी पहारा सासूबाईंचा. मी आत शिरलो की, “तुमचा मफलर लांब ठेवा!” परवा मात्र सकाळीच आतून हाक आली आणि सगळी इमारत हसली:

“जावईबापू, या लवकर! झालं हो परत चिकट!”