आत्म्याची फळं आणि मनातली अढी

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. तांदूळ निवडताना बाजूला सारलेले खडे सुपाच्या कोपऱ्यात जमतात, तसे ते आपोआप जमतात. रत्नागिरीतल्या आमच्या चर्चच्या महिला मंडळाचे माझ्याकडे इतके जमलेत, की भाजी चिरताना मी एकटीच हसते आणि घरचे दारातून डोकावून जातात!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नवे पाळकसाहेब आले, सोबत त्यांची बायको. पाळकीणबाई नगरकडच्या, वयानं आमच्या धाकट्या बहिणीएवढ्या. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. मला नेमांची भारी हौस, म्हणून मी विचारलं, "यंदा चहा सोडायचा की गोड?"

"खाणं नका सोडू, स्वभाव सोडा," त्या म्हणाल्या. "प्रेम, आनंद, सहनशीलता, अशी बायबलातली आत्म्याची फळं अंगी आली पाहिजेत."

आणि एकेकीला एकेक फळ वाटून दिलं! तोंडाच्या फटकळ मार्थाकाकूंना सौम्यता. चटकन तापणाऱ्या सलोमीमावशींना सहनशीलता. गावभरच्या बातम्या पुरवणाऱ्या येस्तेरला इंद्रियदमन, म्हणजे मुख्यतः जिभेचं. माझ्या वाट्याला आनंद.

येस्तेर कुजबुजली, "मोहोराचा पत्ता नाही आणि ह्या फळं वाटून मोकळ्या!"

पण पाळकीणबाईंचा खरा डोळा दोघींवर होता. मार्थाकाकू आणि सलोमीमावशी सख्ख्या शेजारणी, एकेकाळी एका ताटात जेवणाऱ्या. एका नाताळच्या गाण्यांच्या तालमीत काकू बोलून गेल्या, "सलोमे, तू नुसते ओठ हलव." झालं! तेव्हापासून बोलणं बंद. दोघी इतक्या देवभीरू, की मनात राग असताना प्रभुभोजनाची भाकर घेणार नाहीत. दोन ईस्टर दोघीही मागच्या बाकावरून तशाच उठून गेल्या. "तिसराही असाच जाणार गो माझा," मावशी मला म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

*

मंडळाच्या पहिल्याच बुधवारच्या सभेत पाळकीणबाईंनी कळकळीनं सांगितलं, "बायांनो, आधी मनातली अढी काढून टाका."

मार्थाकाकूंची आंब्याची बाग. त्यांनी हात वर केला. "बाई, तुमच्या नगरला ठाऊक नसेल. अढी म्हणजे गवताचा बिछाना. त्यात ठेवल्याशिवाय आंबा पिकत नाही. अढी काढली तर फळ पिकणार कसं?"

पाळकीणबाईंनी घाईघाईनं गाणं सुरू केलं.

*

काकूंची सौम्यता दुसऱ्या दिवशी बाजारात निघाली. एरवी पारू मासेवालीशी त्यांचं भांडण ऐकायला लोक थांबत. त्या दिवशी काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तू सांगशील तो भाव, बाय."

पारूनं सुरी खाली ठेवली. "काकी, घरात कोणाला काय झालाय काय? डॉक्टरला दाखवलात?"

आणि काळजीनं दोन बांगडे जास्त घातले!

*

आता माझा आनंद. सकाळपासून चेहरा हसरा ठेवला. दूध उतू गेलं, हसले. कचेरीतून आलेल्या ह्यांनी धुळीचे पाय तसेच घरात आणले, तरी हसले. हे चहा पिता पिता माझ्याकडे बघत राहिले.

"खरं सांग. माहेरचं कोण येतंय, आणि किती दिवस?"

*

येस्तेरनं चुगली सोडली, अगदी मनापासून. पण प्रार्थना सोडायला तिला कोणी सांगितलं नव्हतं! पुढच्या बुधवारी सगळ्यांनी डोळे मिटले आणि तिनं सुरू केलं, "हे प्रभू, मी कोणाचं नाव घेत नाही. पण ज्यांच्या दारात नवी निळी स्कूटर आली आहे, त्यांच्या थोरल्या मुलाला सांभाळ. तो संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर कोणासोबत बसतो, हे तुला ठाऊकच आहे..."

माझ्या शेजारून आवाज आला, "पण प्रभू, कधीपासून?"

पाळकीणबाई ओरडल्या, "आमेन! आमेन!"

*

सलोमीमावशींच्या सहनशीलतेची परीक्षा शेळीनं घेतली, आणि शेळी मार्थाकाकूंची! दोन्ही घरांमधल्या दगडी गडग्यावरून उडी मारून तिनं मावशींची अबोली साफ केली. एरवी मावशींनी आळी डोक्यावर घेतली असती. पण नेम होता, आणि काकूंशी तर बोलायचंच नव्हतं. मग त्यांनी अंगणात गुडघे टेकले, आभाळाकडे पाहिलं आणि गडग्यापलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "प्रभू, ह्या मुक्या जिवाला क्षमा कर. त्याला वळण लावणारं घरात कोणी नाही!"

पलीकडून तितक्याच खणखणीत आवाजात उत्तर आलं, "आमेन!"

मी धावत जाऊन पाळकीणबाईंना सांगितलं, "बाई, दोघी एका प्रार्थनेत आल्या!"

त्यांनी कपाळाला हात लावला.

*

बघता बघता ईस्टर दोन-तीन दिवसांवर आला. पवित्र गुरुवारी पाळकीणबाईंनी ठरवलं, की येशूनं शिष्यांचे धुतले, तसे बायकांनी एकमेकींचे पाय धुवायचे. जोड्याही त्यांनीच लावल्या. "मार्थाकाकू, तुम्ही सलोमीमावशींचे."

चर्चमध्ये कोणी खोकेना. मावशी खुर्चीवर ताठ बसल्या, नजर खिडकीबाहेर. काकू गुडघे धरत खाली बसल्या. मावशींचा उजवा पाय घंगाळात घेतला आणि भांडं घासावं तसा घासू लागल्या. घासता घासता हात थांबला. टाचेच्या भेगांत बोट जाईल, अशी ती टाच. काकूंनी ती तळहातावर धरली आणि धरूनच ठेवली.

"कोकमाचं तेल लावत नाहीस?" काकू टाचेलाच विचारत असल्यासारख्या म्हणाल्या.

मावशी खिडकीबाहेरच बघत होत्या. "कढवून द्यायचीस तू. दोन वर्षांत कोणी दिलंन?"

काकूंनी पदरानं पाय कोरडा केला, बोटाबोटांमधून. टॉवेल शेजारीच होता, पण तो द्यायचं कोणाला सुचलं नाही. पाळकीणबाई तर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग काकूंनी नाक ओढलं आणि दुसऱ्या पायासाठी हात पुढे केला.

मावशींनी डावा पाय झटकन लुगड्यात ओढून घेतला.

"हा घरी. येताना तेल आण."