आधी बाईंना विचारा

माझी ताई बालवर्गाला शिकवते. शिकवते हा शब्द तिला मोठा वाटतो; ती म्हणते, मी त्यांच्यात बसते. बसून बसून तिचे गुडघे कामातून गेले आहेत. घरी खुर्चीवर बसली तरी ती हात मोकळे ठेवते, जणू कुणीतरी आत्ता मांडीवर येऊन बसणार आहे. शाळेत तिला थांबाबाई म्हणतात. नाव मुलांनी ठेवलं, पण पाठीमागे शिपाईही तेच म्हणतो, आणि ते तिला माहीत आहे.

हे नाव संगणकांमुळे पडलं. कुठल्याशा कचेरीने आपले जुने संगणक शाळेला दिले. वरच्या वर्गांना त्यातले बरे मिळाले आणि उरलेले दोन बालवर्गाच्या पदरात पडले. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या की असू द्यात कोपऱ्यात, तेवढीच शोभा. ताईने मला बोलावलं, कारण मी असली यंत्रं दुरुस्त करतो, आणि भाऊ असल्यामुळे फुकट करतो. तिने आधी स्वतः पाहून ठेवलेली पानंच उघडतील, बाहेरचं काही येणार नाही, असा बंदोबस्त मी करून दिला. कॅमेऱ्यावर तिने जखमेला लावायची चिकटपट्टी लावली. मग मला टेबलं फिरवायला लावली. मी पडद्यांची तोंडं भिंतीकडे केली होती, म्हणजे बाकीच्या वर्गाचं लक्ष विचलित होऊ नये. ती म्हणाली, पडदा सगळ्यांना दिसला पाहिजे. एकट्याने बघायचं असं या खोलीत काही नाही.

मी म्हटलं, आता तू निर्धास्त.

"ही कुलपं या खोलीची," ती म्हणाली. "घरी आजोबांचा फोन असतो ह्यांच्या हातात. तिथं कोण कुलूप लावणार? पोराला हाक मारता आली पाहिजे."

म्हणून तिचा नियम. पडद्यावर काही वेगळं आलं, काही कळेनासं झालं, काही आवडलं नाही, तर थांबायचं, हात मांडीवर घ्यायचे आणि हाक मारायची. ऐकायला सोपा आहे. मी एक सकाळ तिथे वायरी लावत बसलो होतो, तेव्हा कळलं की तो पाळायचा तिनेच असतो. बाई, बाण हरवला. बाई, हा ससा माझ्याकडे बघतोय. बाई, काहीच नाही झालं. प्रत्येक हाकेला ती उठायची, गुडघे वाजायचे, ती जायची आणि वाकून पाहायची. एवढ्यासाठी काय बोलावलंस, असं तिने कधी म्हटलं नाही. सशासाठी हाक मारल्यावर जे पोर ओरडा खातं, ते खऱ्या लांडग्याच्या वेळी गप्प बसतं, असं तिचं म्हणणं. मी असतो तर तिसऱ्या सशाला ओरडलो असतो.

दर सोमवारी एक खेळ असायचा. खोक्याचा पुठ्ठा कापून तिने एक चौकट केली होती. त्यातून तोंड बाहेर काढून ती पडद्यातला काका व्हायची. आवाज इतका गोड करायची की मलाच कसंतरी व्हायचं. काय ग बाळा, नाव काय तुझं? राहतेस कुठं? आई आहे का घरी? एक फोटो दे ना. मुलं हात मागे बांधून एका सुरात म्हणायची, आधी बाईंना विचारा. घरी असलात तर काय म्हणायचं? आधी आईला विचारा. मग चौकट खाली यायची, काका पळून जायचा, आणि सगळे खिदळायचे. त्या हसण्याखाली काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिला होतं, म्हणून ती सगळ्यात मोठ्याने हसायची.

पण वरून विचारणा आली. एवढ्याएवढ्या मुलांना यंत्रापुढे बसवणं बरं का, असं काही पालकांनी लिहून कळवलं होतं. एक साहेब येऊन पाहणार, आणि त्यांना पटलं नाही तर कोपरा रिकामा करायचा, असं ठरलं. ताईला यंत्रांचं काही नव्हतं. कोपरा गेला तर सोमवारही जाईल, आणि फोन मात्र घरोघरी राहतील, ही तिची चिंता होती. त्या आठवड्यात ती जेवताना बोलत नव्हती. भावजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आमटीत मीठ नाही हे सांगायचीही सोय राहिलेली नाही.

साहेब आले त्या दिवशी मी तिथेच होतो. एक संगणक नेमका सकाळी बंद पडला होता. साहेब वाईट नव्हते. उन्हातून आले होते, पुढे आणखी शाळा होत्या, आणि पाहणी केली हे दाखवायला त्यांना चार मुलांची नावं आणि फोटो हवे होते. मुलं संगणकावर चित्रं रंगवत होती. साहेबांनी हातातला टॅब चेहऱ्यासमोर धरला, एका झिपऱ्या मुलीकडे वळवला आणि शक्य तितक्या प्रेमाने विचारलं, "काय ग बाळा, नाव काय तुझं?"

चौकट, आवाज, प्रश्न, सगळं जुळलं. मुलीने हात मागे बांधले. "आधी बाईंना विचारा."

साहेब हसले आणि शेजारच्या मुलाकडे वळले. राहतोस कुठं? त्यानेही हात मागे घेतले. तिसऱ्याने तर प्रश्न यायच्या आधीच तेच वाक्य म्हणून टाकलं. पाठीमागून कुणीतरी कुजबुजलं की काका पळत का नाही. साहेबांचं हसू ओसरलं. ही मुलं बोलत का नाहीत, असं त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं. मोठ्या बाईंनी डोळे वटारून ताईला खुणावलं. झिपरी वळून ताईकडे पाहत होती, आणि तिच्यामागे सगळा वर्ग.

ताईने फक्त मान हलवायची होती. मी मनात म्हणत होतो, हलव ग, कोपरा वाचव. तिचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता. घाबरली की ती तेच करते.

"साहेब, मी सांगितलं तर बोलतील," ती म्हणाली. "पण मग त्यांना एवढंच कळेल की मोठा माणूस चिडला की नियम मोडायचा. तो जो कोण असेल, तोही आधी गोडच बोलेल आणि मग चिडेल."

मोठ्या बाई भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडे पाहू लागल्या. साहेबांनी टॅब खाली घेतला. लहान मुलाची खुर्ची ओढून ते तीवर बसले, आणि गुडघे हनुवटीपर्यंत आल्यावर बरेच साधे वाटू लागले.

"बाई, तुमचं पटतं," ते म्हणाले. "पण उद्या यातलं एखादं पोर गर्दीत हरवलं आणि पोलिसाने नाव विचारलं तर? तेही हात मागे बांधणार?"

माझी बहीण वादात हरत नाही. घरात तिला हरवण्याचा मान कुणालाच मिळालेला नाही. पण ती म्हणाली, "हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अर्धंच शिकवलंय मी." आणि मग, पुढच्या सोमवारी या म्हणाली. कोपऱ्याचं काय ते तेव्हा ठरवा.

तो आठवडा तिने घरात सगळ्यांना कामाला लावलं. भावजी पोलीस झाले, मी हरवलेलं मूल, शेजारीण दुकानदार. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे एवढ्याशा डोक्यात मावेल इतकं लहान कसं करायचं, यावर ती अडकली. पडद्यातून कुणाला म्हणजे कुणालाच नाही, हे सोपं. समोरच्याला सांगायचं, पण बाईंना किंवा घरच्या कुणाला विचारूनच. आणि हरवलं तर? भावजी म्हणाले, हरवलं तर गणवेशवाल्याला सांगायचं, नाहीतर गल्ल्यावर बसलेल्याला. त्यांचं म्हणणं तिने कधी नव्हे ते एका फटक्यात मान्य केलं. भावजी दोन दिवस छाती काढून फिरत होते.

सोमवारी साहेब आले. या खेपेला टॅब पिशवीतच होता. झिपरीसमोर उकिडवे बसून त्यांनी आपण कोण, कुठून आलो, नाव कशाला हवं ते सांगितलं. तिने ताईकडे पाहिलं, ताईने मान हलवली, आणि तिने आपलं नाव, आडनाव, आईचं नाव आणि मांजराचं नाव सांगितलं. बोलायला लागली ती थांबेना. हरवलेल्या मुलाचं नाटक झालं; त्यात शिपायाने गणवेश असल्यामुळे पोलिसाचं काम केलं आणि जरा जास्तच केलं. साहेब मनापासून हसले. मग फोटोसाठी त्यांनी टॅब बाहेर काढला.

"थांबा," झिपरी म्हणाली.

साहेबांनी ताईला विचारलं. ताई म्हणाली की फोटो माझा नाही, मी कशी देऊ. शाळा सुटत होती आणि झिपरीची आई दाराशी उभी होती. शिवणकामावरून तशीच आली होती, गळ्यात मापाची टेप. साहेबांनी तिला विचारलं. तिने मुलीला विचारलं, "चालेल का ग तुला?" मुलीने बराच विचार केला. तो विचार चाललेला तिच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि कुणीही घाई केली नाही. शेवटी तिने मान आडवी हलवली. आई म्हणाली, नको साहेब. तिच्या आवाजात ओशाळेपणा नव्हता.

साहेबांनी मग बाकीच्यांना विचारलंच नाही; मुलं गेल्यावर रिकाम्या कोपऱ्याचा फोटो काढला.

पुढे कागद आला की संगणक बालवर्गातच राहतील, आणि सोमवारचा खेळ इतर शाळांनीही पाहावा. सोबत फोटोही होता: दोन पडदे, बुटक्या खुर्च्या, जमिनीवर कुणाची तरी राहिलेली चप्पल. मोठ्या बाईंना तो जरा सुनासुना वाटला. मुलं असती तर किती छान दिसला असता, त्या म्हणाल्या.

ताईने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"मुलं आहेत की त्यात," ती म्हणाली. "फक्त दिसत नाहीत."