लुडोतली जाई

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुपारी पडल्या पडल्या मी मोबाइलवर लुडो खेळायला लागले. जोड्यांच्या डावात माझी जोडीदार असायची ‘जाई’. तिचं खरं नाव, गाव काहीच ठाऊक नव्हतं. त्या खेळात स्वतःचं काही लिहिता येत नाही, ‘छान!’, ‘लवकर खेळा’ अशी पाच-सहा तयार वाक्यं असतात, त्यातलं एक दाबायचं. वर्षभर आम्ही तेवढ्यावरच बोललो. माझी सोंगटी मेली की ती मुद्दाम ‘छान!’ दाबायची आणि मला हसू फुटायचं.

एकदा ती डाव अर्धा टाकून गेली, ती परत आलीच नाही. मी सगळी वाक्यं पुन्हा पुन्हा चाळली. ‘बरी आहेस ना?’ असं त्यांत कुठेच नव्हतं.

लेक म्हणाली, “अगं आई, दुसरी जोडीदार मिळेल की.”

मिळालीही, दहा सेकंदांत. शेजारचं दार दोन दिवस उघडलं नाही, तर आपण जाऊन कडी वाजवतो. इथे खेळ बनवणाऱ्यांनी कडीच ठेवलेली नाही. जाई आजारी पडली, गेली, की नुसती कंटाळली? तिच्यासाठी रडावं की तिच्यावर रुसावं, एवढंसुद्धा मला ठरवता येत नाही.