माळ्याची वेल

माझा थोरला भाऊ संग्रहालयाच्या तळमजल्यावर वाळकी झाडं कागदावर चिकटवायचा. तिथे त्याला डिंक्या म्हणत, पुढे गावही म्हणू लागलं. मी दादा म्हणतो. काम सोपं नाही. डिंक पातळ झाला तर पान सुटतं, जास्त झाला तर कागद आक्रसतो. जाड देठ दोऱ्याने टाचावे लागतात. खाली चिठ्ठी लावायची: झाड कुठे सापडलं, कधी, कोणी उपटलं. निवृत्त झाला तरी तो रोज तिथेच जातो. लग्न केलं नाही. एक खोली, एक खाट, एक स्टोव्ह.

मी जन्मभर कालव्यातली जांभळ्या फुलांची वेल काढली. छातीभर पाण्यात उतरून मुळासकट ओढायची. तुटली तर दुप्पट फुटते. ही वेल या मुलखातली नव्हे, बाहेरून आलेली. आमचे वडील कालव्याच्या बंगल्यावर माळी होते. साहेबाच्या व्हरांड्यावर चढवायला त्यांनीच ती आणली, असा बोभाटा झाला आणि गाव तिला माळ्याची वेल म्हणू लागलं.

आमचा मुकादम म्हणायचा, "बाप लावून गेला, पोरगा उपटतोय. नोकरी घरातच राहिली."

टोळी हसायची. मीही हसायचो. दादाला ते कधी जमलं नाही. वडिलांना विचारलं तर म्हणायचे, "आठवत नाही." शेवटपर्यंत तेवढंच. ते गेल्यावर दादाने गाव सोडलं. "छडा लागला की येईन," म्हणाला.

संग्रहालयात चिकटल्यावर त्याने शोध सुरू केला. या वेलीचा प्रत्येक कागद कपाटातून काढला. रोपवाटिकांच्या जुन्या किंमतपत्रिका वाचल्या, कालव्याच्या दुरुस्तीचे अहवाल वाचले. जिथे वेल दिसल्याची नोंद, तिथे खोलीतल्या नकाशावर टाचणी. सगळ्यात जुनी टाचणी बसली बंगल्याच्या फाटकावर, वडील नोकरीला लागल्यानंतरची. बाकीच्या तिथून काठाकाठाने खाली. मग बराच काळ त्याने मला खोलीवर बोलावलं नाही.

बोलावलं तेव्हा दारातच म्हणाला, "धाकट्या, माझं चुकलं."

"काय?"

"हे सगळे कागद साहेबाच्या बायकोने जमवलेले. परवा तिची बाकीची झाडं काढून बघितली. हरळीसुद्धा. हरळी कुठे नसते? पण तिची हरळी फक्त कालव्याच्या काठची. बाईचा पाय अधू होता, ती नावेत बसूनच फिरायची. नाव जाईल तेवढंच तिला दिसलं. मी वेलीची वाट म्हणून तिच्या नावेची वाट टोचत बसलो."

"म्हणजे वडील सुटले."

"सुटले नाहीत. अडकलेही नाहीत."

मग त्याने एक अहवाल पुढे केला. बंगल्याच्या वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला, टोळीने कालव्यातून वेल काढली, असं त्यात होतं. साल वडील नोकरीला लागायच्या आधीचं.

"पाणी काय उलटं चढतं का?" मी म्हणालो. "लाव टाचणी."

"कुठली वेल ते लिहिलेलं नाही."

"आम्ही दुसरी कुठली काढतो?"

"तू काढलीस ती तुझ्या काळात. तेव्हा काय होतं, मला माहीत नाही."

"बापासाठी एक टाचणी, दादा."

त्याने टाचणी उचलली. नकाशापाशी गेला. त्या जागेवर टोक टेकवून उभा राहिला. मग त्याने हात मागे घेतला आणि टाचणी स्टोव्हशेजारच्या रिकाम्या वाटीत टाकली.

"बापासाठी आहे म्हणूनच लावणार नाही," म्हणाला.

आम्ही जेवायला बसलो. त्याच्याकडे ताट एकच. त्याने पातेल्यात खाल्लं.

छडा लागला नाही, म्हणून तो गावी आला नाही. मुकादम आता थकलाय, पुलाच्या कठड्यावर बसून असतो. परवा म्हणाला, "काय म्हणतो डिंक्या? सुटला का बाप?"

"ठरत नाही म्हणतो."

"सगळी हयात घालवून ठरत नाही?"

"नाही."

मुकादम कठड्यावरून उठला आणि घराकडे गेला.

दादाकडे गेलो की मी आधी वाटीत बघतो. टाचणी तिथेच असते. वाफेने गंजलीये.