डोंगरावर चुकलेल्या चार खुणा

जनार्दन परुळेकर मूळचा मालवणचा. आखातातल्या रुवी या गावभागात त्याने बावीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले, काम आटलं, तेव्हा तो एका कंत्राटदाराकडे रंगारी म्हणून लागला.

गेल्या हिवाळ्यात त्याला जबल शम्सजवळच्या एका डोंगरावर पाठवलं. चालायला येणाऱ्यांना वाट कळावी म्हणून तिथे दगडांवर पिवळे, पांढरे, लाल पट्टे असतात. ते पुसट झाले होते. जुन्या पट्ट्यांवर नवा हात मारायचा, एवढंच फोरमन इरफानने सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी धुकं उतरलं. एका फाट्यानंतर जुन्या खुणा दिसेनात. पण पायवाट समोर होती, म्हणून जनार्दनने तिच्यावरचे चार दगड रंगवले, कामाचे फोटो काढले आणि तो परतला.

गुरुवारी खोलीवर फोटो पाठवताना तो थबकला. फोटोंत वाटेवर शेळ्यांच्या लेंड्या दिसत होत्या; ती माणसांची वाट नव्हतीच. शेवटच्या फोटोत धुकं जरा विरळ होतं आणि दगडामागे जमीनच नव्हती.

त्याने इरफानला फोन करून खुणा चुकल्याचं सांगितलं. काम खलास झालंय, आता रविवारी बघू, असं इरफान म्हणाला. पण शुक्रवारी सुट्टी, तिथे गर्दी असते. पहाटेच जनार्दन शेजारच्या खोलीतल्या, कोकणातल्याच हुसेनची गाडी घेऊन निघाला. हुसेनही आला.

तिसऱ्या दगडापाशी शहरातल्या अल हैल भागात राहणाऱ्या शिक्षिका किशोरीताई आणि त्यांची दहा वर्षांची रेवा उभ्या होत्या. या दोघांचं मराठी बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "पुढे वाट कुठे जाते?"

"पुढे कडा आहे. खुणा मी रंगवल्यात. चूक माझी आहे."

त्यांनी मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "ही माझ्या पुढे चालत होती."

त्याने दोघींना फाट्यापर्यंत परत आणून खरी वाट दाखवली.

थिनरने रंग निघेना. शेवटी छिन्नी-हातोडीने दगड टवके काढून साफ करावे लागले. तळहातांना फोड आले. हुसेनने फाट्याच्या तोंडाशी धोंडे रचून शेळ्यांची वाट बंद केली.

किशोरीताईंनी तक्रार केलीच. इरफान जनार्दनवर भडकला, पण कंत्राटदार साहेबांनी आधी त्यालाच विचारलं की गुरुवारी चूक कळवायला फोन कुणी केला होता. जनार्दनने, असं इरफानला सांगावं लागलं.

जनार्दनचं काम राहिलं. आता तो दुसऱ्या डोंगरावर आहे. फाटा आला की डबा खाली ठेवून दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून येतो. काम हळू होतं, इरफान कुरकुरतो.